एमएस आणि तोल: खानापूरसारख्या गावात घरच्या घरी व्यायाम कसा करून घ्यायचा?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी,

बायकोसाठी विचारतोय. तिला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मणक्यातल्या मज्जातंतूंचा आजार. वय ३८. गेल्या वर्षी ऐन पेरणीच्या दिवसांत कमरेखाली बधिरपणा आला. बेळगावात एमआरआय झाला, स्टेरॉइडची सलाईनं झाली, आता कायमचं औषध चालू आहे. पायातली ताकद बऱ्यापैकी परत आली. भाकऱ्या करते, तांदूळ निवडते, पोराचा अभ्यास घेते. पण तोल काही परत आला नाही.

तीन वेळा तिचा तोल हमखास जातो. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की ती एका अंगाला कलते. मागून कुणी हाक मारली आणि पटकन वळली की पायात पाय अडकतात. आणि रात्री लाईट गेली की जागची हलतच नाही. पावसात आमच्याकडे लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला ठाऊक आहेच. गल्लीत कुणीतरी "वैनी दारू प्यालेल्यागत चालूलालीय" म्हटलेलं तिच्या कानावर गेलं. तेव्हापासून तिनं भजनाला जायचं सोडलंय. मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

डॉक्टरांनी तोलाचे व्यायाम घरीच करायला सांगितलेत. फिजिओथेरपीला बेळगावला न्यायचं म्हणजे बसची गर्दी, ऊन, उभं राहणं. तिथं पोचेपर्यंतच ती गळून जाते. व्यायामाचा छापील कागद मिळालाय तो इंग्रजी आणि कन्नडमध्ये. कन्नड मी बाजारात बोलतो, पण वाचायला अडतं. चित्रंही इतकी बारीक की कुठला पाय पुढे तेच कळत नाही.

घरात कोबा आहे, गुळगुळीत. खोल्यांना उंच उंबरे. आई सत्तरीची, तिच्याच्यानं धरवणार नाही. मी डेअरीला दूध घालून आलो की सकाळचा वेळ देऊ शकतो. तिला कुठं उभं करायचं, मी कुठं उभं राहायचं, किती वेळ करायचं, आणि तोल जायला लागला की लगेच थांबवायचं का? कुणी स्वतः केलं असेल तर सविस्तर सांगा.

योगप्रेमी (टिळकवाडी)

दादा, वृक्षासन आणि ताडासन रोज करून घ्या. पायांना तिळाच्या तेलानं मालिश करून वरून गरम पाण्याचा शेक द्या. माझ्या आईला गुडघ्यांसाठी या शेकानं फार गुण आला. वहिनींना लवकर आराम पडो.

शहापूरची शिलाईवाली

दादा, मला एमएस होऊन बरीच वर्षं झाली. शहापुरात साड्यांना फॉल-पिको करायचं माझं दुकान आहे आणि ते अजून चालू आहे. आधी एक डोळा धूसर झाला होता, तो सुधारला, मग काही काळानं पाय बधिर झाले. पायाखाली शिलाई मशीनचं पायडल आहे की नाही हे मला बघितल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून मशीनला मोटर बसवून घेतली. न्हाणीतलं तुम्ही जे लिहिलंय ते वाचलं आणि दुकान लवकर बंद करून लिहायला बसले.

आधी ते का होतं ते सांगते, म्हणजे व्यायाम कशासाठी हे वहिनींना पटेल. माणूस उभा राहतो तो तीन गोष्टींच्या जोरावर: डोळ्यांना काय दिसतं, कानाच्या आतला तोलाचा अवयव काय सांगतो, आणि तळपायांपासून घोट्यांपासून काय कळतं. एमएसमध्ये मेंदू आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण जागोजागी खराब होतं. त्यामुळे पायाकडून येणारा निरोप उशिरा पोचतो किंवा अर्धवट पोचतो. मग सगळा भार डोळ्यांवर येतो. साबण लावून डोळे मिटले, लाईट गेली, की तो आधारही गेला आणि माणूस कलला. वहिनींची ताकद कमी पडत नाही, त्या घाबरटही नाहीत. हे त्यांना आणि तुमच्या आईंनाही सांगा.

म्हणून आजपासूनच एक करा. न्हाणीत प्लास्टिकचं चौकोनी, जड स्टूल ठेवा आणि तोंड धुणं, डोक्यावरून पाणी घेणं बसूनच. व्यायामानं पुढे सुधारलं तरी साबणाच्या ओल्या फरशीवर धाडस करायचं नाही. धाडस करायची जागा वेगळी.

ती जागा म्हणजे खोलीचा कोपरा. दोन भिंती मिळतात तिथं पाठ करून उभं राहायचं, भिंतीपासून वीतभर पुढे, आणि समोर पाठीची जड खुर्ची, तिची पाठ आपल्याकडे. मागे भिंत, दोन्ही बाजूंना भिंत, पुढे खुर्ची. पडायला जागाच राहत नाही. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती आपल्याबरोबर सरकते. माझ्याकडे सागवानी आहे, आजोबांची. तुमच्याकडे तशी नसेल तर प्लास्टिकच्या खुर्चीवर तांदळाचं पोतं ठेवा. स्वयंपाकाचा कट्टाही चांगला, धरून आडवं चालायला तर फारच चांगला, पण शेगडी बंद असताना.

कोब्यावर मोजे घालून अजिबात नको. हवाई चप्पलही नको, ती पायातून निसटते. कोरडी फरशी आणि अनवाणी, नाहीतर मागे पट्टा असलेली रबरी तळाची सपाट सँडल. साडी असेल तर नेसण घोट्याच्या वर घ्यायची, नाहीतर सलवार. निऱ्यांत अंगठा अडकून पडलेली बाई मी ओळखते आणि तिला एमएस नव्हता.

आता तुमचा मुख्य प्रश्न, तोल जायला लागला की थांबवायचं का. नाही. दादा, थोडं डगमगलंच पाहिजे. पलंगावर पडून पाय वर-खाली केल्यानं मांडीत बळ येतं आणि ते पाहिजेच, पण त्यानं तोल सुधारत नाही. मेंदू तोल शिकतो तो तोल जरा सुटून पुन्हा पकडतो त्या क्षणात. तुम्ही दर वेळी घाबरून दंड पकडलात तर तो क्षण त्यांच्या वाट्याला येणारच नाही. डगमगू द्यायचं, पडू द्यायचं नाही. कोपरा त्यासाठीच आहे.

सुरुवात अशी. दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं, तळवे खुर्चीच्या पाठीवर. दहा सेकंद जमलं की फक्त दोन-दोन बोटं टेकवायची. मग एक-एक बोट. मग बोटं खुर्चीच्या वर नुसती तरंगती ठेवायची, लागली तर टेकवायला. दहाचे तीस सेकंद आरामात झाले की पाय बदलायचे: एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याशेजारी, म्हणजे अर्धं पाऊल पुढे. ते जमलं की एका रेषेत, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना चिकटवून. हे अवघड असतं, मला यात फार काळ गेला. सगळ्यात शेवटी एक पाय. पाय बदलला की हाताचा आधार पुन्हा पहिल्यासारखा पूर्ण घ्यायचा. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. पायही जवळ, हातही सोडलेला आणि डोळेही मिटलेले, असं कधीच नाही.

डोळे मिटून करायचा सराव तुम्ही घरात असताना, कोपऱ्यातच, आणि पाय नेहमीच्या अंतरावर ठेवून. आधी पाच सेकंद. वहिनींच्या न्हाणीच्या त्रासावर हाच थेट उपाय आहे, म्हणून घाई होईल. करू नका. त्याच्या आधी दुसरा एक सराव आहे. समोरच्या कालनिर्णयावरची एक तारीख निवडायची, नजर तिच्यावर खिळवून मान हळूहळू डावी-उजवी, मग वर-खाली करायची. तारीख वाचता आली पाहिजे. धूसर व्हायला लागली की वेग कमी. हा आधी बसून, मग उभं राहून. पहिले काही दिवस थोडी मळमळ होऊ शकते, बसलं की जाते. मागून हाक आली की तोल जातो तो मानेच्या या झटक्यानं जातो.

वळण्याचा वेगळा सराव लागतो. एका जागी टाचेवर गिरकी घ्यायची नाही. पाय उचलून चार-पाच छोट्या पावलांत वळायचं, आधी मान आणि नजर, मग खांदे, मग पाय. कट्ट्याशी उजवीकडून आणि डावीकडून दोन्ही. घरातल्यांनाही शिस्त लावा: वहिनींना मागून हाक मारायची नाही, समोर येऊन बोलायचं. पोराला हे लगेच जमतं, मोठ्यांना वेळ लागतो.

खुर्चीवरून उठणं-बसणं हा मला सगळ्यात उपयोगी पडलेला. हात छातीशी, पाय जरा मागे घेऊन, नाक गुडघ्यांच्या पुढे न्यायचं आणि उठायचं. बसताना धपकन नाही, हळू. पाच-सहा वेळा केलं तरी मांड्या बोलतात. त्याच्या जोडीला कट्टा धरून टाचा उचलणं आणि मग टाचांवर उभं राहून चवडे उचलणं. चवडा उचलणं सोडू नका, उंबऱ्याला पाय लागतो तो चवडा लोंबतो म्हणून. उंच उंबरे तोडता येत नसतील तर कडेला पिवळ्या ऑइलपेंटची पट्टी मारा. नजरेला ती कामाची.

कोब्यावर सगळं जमायला लागलं की वाकळ घडी करून पायाखाली घ्या. मऊ जमिनीवर तळपायांची माहिती आणखी कमी होते, म्हणून अवघड जातं. आधी जाड घडी नको, दोन पदर पुरे.

आणि उन्हाळा. दादा, हे कुणी सांगितलं नसेल तर नीट वाचा. आपल्याला गरमी चालत नाही. १८९० मध्ये उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की अंग तापलं की अशा पेशंटची नजर तात्पुरती मंद होते. पायांचंही तसंच होतं. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी खराब झालेल्या तंतूंतून निरोप जाईनासा होतो. अंग थंड झालं की परत पहिल्यासारखं होतं, आजार वाढलेला नसतो. पूर्वी याच भीतीनं एमएसच्या लोकांना व्यायामच बंद करायला लावायचे. आता कुणी तसं सांगत नाही, पण गारव्यात करायचा. एप्रिल-मेमध्ये चूल पेटायच्या आधी, पंख्याखाली, मानेवर ओला पंचा, आधी गार पाण्याचा तांब्या. बसमध्ये वहिनी गळून जातात त्यात ऊन बरंच असणार.

म्हणून टिळकवाडीच्या ताई-दादांना नम्रपणे सांगते, गरम शेक वहिनींना नको. एकतर अंग तापतं, आणि दुसरं, बधिर पायाला चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतं. हंड्यातलं कडकडीत पाणी डोक्यावरून घेणंही नको, कोमट घ्यायचं. वृक्षासन चांगलं आहे, पण ते एका पायावर उभं राहणंच आहे. म्हणजे शेवटची पायरी. पाठ भिंतीला आणि एक हात खुर्चीला ठेवून जमेल तेव्हा करू द्या.

वेळ म्हणाल तर मी एकदम अर्धा तास करत नाही. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दुकानातून आल्यावर बसून नजरेचा सराव, मध्ये भांडी घासताना कट्ट्याशी टाचा. दमायच्या आधी थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय नेहमीपेक्षा जड वाटले तर आदल्या दिवशी जास्त झालं, तेवढं कमी करायचं. पण सोडायचं नाही. सोडलं की काही आठवड्यांत कमावलेलं जातं, हे मी आजारपणात आणि लग्नसराईच्या गर्दीत पाहिलंय.

हे जमलं की एक पायरी आणखी असते. चालताना डोकं दुसरीकडे असतं, कुणाशी बोलत असतो, हातात तांब्या असतो, आणि तेव्हाच पडायला होतं. म्हणून कट्ट्याशी टाचेला बोटं लावून चालताना मी रेल्वेची स्टेशनं म्हणते: बेळगाव, देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा. मग लोंढ्याकडून उलट. उलट म्हणताना पाय हमखास चुकतो, तिथंच सराव होतो. वहिनी भजन म्हणतात ना? अभंग म्हणत चालू द्या. टाळ नंतर.

फिजिओ, निपाणी

शिलाईवाल्या अक्कांनी जे लिहिलंय त्यात मला खोडायचं काही नाही. एमएसचे पेशंट आमच्याकडे मोजके येतात, पण जे येतात त्यांचं दुखणं हेच. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत दिसलंय की एमएस असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक तीन महिन्यांत एकदा तरी पडतात. म्हणजे वहिनी एकट्या नाहीत. डोळे मिटले की कलणं यासाठी आम्ही जी चाचणी करतो तिला रॉम्बर्गची चाचणी म्हणतात, जुनी आहे, एकोणिसाव्या शतकातली.

माझ्याकडून चार गोष्टी.

पहिली, तुम्ही कुठं उभं राहायचं. वहिनींच्या दुबळ्या बाजूला, किंचित मागे, एक पाय पुढे एक मागे. हात त्यांच्या कमरेजवळ, पण टेकवलेले नाहीत. पडायला लागल्या तर कमरेला धरून आपल्याकडे घ्यायचं. हाताला धरून ओढायचं नाही. त्यानं खांदा निखळतो आणि तोल आणखी जातो. कमरेला जुना रुंद पट्टा किंवा घट्ट गुंडाळलेलं धोतर बांधलंत तर धरायला सोपं जातं. आईंना या कामाला ठेवू नका, दोघी पडतील. तुम्ही नसाल त्या दिवशी फक्त बसून करायचे.

दुसरी, एकदा तरी प्रत्यक्ष तपासणी करून घ्या, बेळगावला आलात तरी चालेल आणि कोल्हापूर-मिरजेकडे गेलात तरी. वाईट दिवशी नेऊ नका, सकाळच्या गारव्यात न्या. कारण तोल जाण्याची कारणं वेगळी असतात. पाय आखडतात म्हणून, बधिर आहेत म्हणून, लहान मेंदूला इजा आहे म्हणून. कूस बदलली की क्षणभर गरगरत असेल तर कानातल्या खड्यांची चक्करही असू शकते. ती एमएसवाल्यांनाही होते, आणि डोकं ठराविक पद्धतीनं फिरवून बऱ्याचदा एक-दोन बैठकींत जाते. पाय आखडू नयेत म्हणून बॅक्लोफेनची गोळी चालू असेल तर गोळीनंतर पाय सैल पडतात का, झोप येते का ते बघून व्यायामाची वेळ ठरवा.

तिसरी, वहीत लिहा. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, याला किती सेकंद लागले ते मोबाइलच्या घड्याळात मोजा. पंधरवड्यातून एकदा, दिवसाच्या त्याच वेळी. तीन मीटर म्हणजे दहा फुटांना जरा कमी, खडूनं रेघ मारा. रोज मोजू नका. एमएसमध्ये दिवस सारखे नसतात, मग वाईट दिवसाचा आकडा बघून माणूस खचतो.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. नवीन बधिरपणा, नवीन दुबळेपणा, एका डोळ्याला कमी दिसणं, असं काही २४ तासांहून जास्त टिकलं तर उभ्यानं करायचे व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. गारव्यात बसूनही उतरत नाही ती गोष्ट गरमीची नाही. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, तर आधी त्याचा इलाज. लघवीचा संसर्ग नुसता असला तरी पाय एकदम गळतात, आणि घरच्यांना वाटतं आजार उलटला.

नजरेच्या सरावाबद्दल अक्कांना दुजोरा देतो. अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठात एमएसच्या ८८ जणांवर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. तोलाचे आणि डोळ्यांच्या हालचालींचे व्यायाम एकत्र करून घेतले १४ आठवडे. ज्यांनी केले त्यांचा तोल सुधारला, चक्कर कमी झाली आणि थकवाही कमी झाला. त्यात शिकवणारा माणूस समोर होता आणि घरी रोजचा सरावही होता, दोन्ही. म्हणून म्हणतो, महिन्या-दीड महिन्यातून एकदा दाखवत राहा, मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर चालतं. तुमचा तो इंग्रजी-कन्नड कागद इथं टाका, मी मराठीत लिहून देतो, पावलांची मोठी चित्रं काढून.

मलप्रभाकाठ (खानापूर)

अक्का, सर, दोघांचेही फार आभार. बायकोला पूर्ण वाचून दाखवलं. डोळ्यांचं कारण ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मी धडधाकट असताना पण पायांनीच बघत होते की." आईही ऐकत बसली होती. सर, कागदाचा फोटो टाकतोय.

तांदळाचं पोतं ठेवून खुर्ची मांडली, कोपरा ठरला, सुरुवात केली. पाय जुळवून बोटांवर राहते. एका रेषेतलं अजून दोन्ही हात धरूनच. मी दंड पकडत नाही, पण माझ्या छातीत धडधडतं, ते खरं.

दोन प्रश्न राहिले. एक, काठी घ्यायला ती तयार नाही. घ्यायलाच पाहिजे का, व्यायाम चालू असताना काठीनं सवय बिघडणार नाही का? दुसरा, संडास मागच्या परड्यात आहे, पायवाट पंधरा-वीस पावलांची, पावसात शेवाळ धरतं. रात्री मी सोबत जातो, पण मला जाग आली नाही तर ती एकटी निघते. भिंतीच्या कडेनं नायलॉनची दोरी बांधू का?

ऊसवाला (चिक्कोडी)

काठीबद्दल मी सांगतो, मलाही एमएस आहे. पुरुषांत कमी असतो, बायकांत दुप्पट-तिप्पट, पण आहे. मी काठी घेतली तेव्हा गावात चौकश्या झाल्या, आठवडाभरात थांबल्या. उलट काठी दिसली की बसमध्ये लोक उठून जागा देतात आणि दारूबद्दल कुणी बोलत नाही. कारण त्यांना कारण दिसतं.

काठी दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. डावा पाय दुबळा तर काठी उजव्या हातात, आणि काठी व दुबळा पाय बरोबर पुढे. बरेच लोक उलटं धरतात. घरात, कोपऱ्यात, काठीशिवाय सराव; बाहेर, गर्दीत, पावसात काठी. सवय बिघडत नाही. मी बाहेर पडायला लागलो म्हणून माझं चालणं वाढलं.

आणि दादा, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जे २१ प्रकार दिलेत त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. वहिनींचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, करून घ्या. डॉक्टरांचे कागद, एमआरआयचे रिपोर्ट एका फायलीत ठेवा, तपासणीच्या दिवशी हेलपाटा वाचतो.

शहापूरची शिलाईवाली

वहिनी भजनाला जातील तेव्हा काठी घेऊन जाऊ द्या आणि बसायला खुर्ची मागू द्या. पण खाली बसायचं अगदी सोडू नका. आपल्याकडे जेवण, पूजा, हळदी-कुंकू सगळं जमिनीवर, आणि पडलं तर उठायचंही जमिनीवरूनच असतं. ते उठणं घरी शिकून ठेवा. वाकळ अंथरायची, शेजारी ती जड खुर्ची. आधी कुशीवर, मग गुडघे आणि तळहातांवर, रांगत खुर्चीपाशी, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर. मग चांगला पाय पुढे घेऊन तळवा जमिनीवर, आणि हातांनी रेटा देत उठून वळून बसायचं. पडल्यावर तुम्ही लगेच उचलायला धावू नका. दुखापत नाही ना बघायचं, मिनिटभर पडू द्यायचं, मग त्यांना त्यांच्या पद्धतीनं उठू द्यायचं. ज्याला उठता येतं त्याची पडायची भीती निम्मी होते. भीतीनं माणूस ताठ चालतो आणि ताठ चालण्यानं जास्त पडतो.

आता परडं. दोरी नको. दोरी जोर दिला की झुकते आणि आपण तिच्याबरोबर झुकतो. लोखंडी जीआय पाईप लावा, दीड इंची, दर चार-पाच फुटांवर काँक्रीटमध्ये खांब घालून, दारापासून संडासाच्या आतपर्यंत सलग. मध्ये तुटता कामा नये, जिथं तुटेल तिथंच हात हवेत जाईल. आत बैठकीशेजारीही एक आडवा दांडा. पाईपला गंज धरू नये म्हणून रंग द्याल तर पांढरा द्या, रात्री दिसतो. पायवाटेवर गुळगुळीत फरशी घालायचा मोह टाळा. खरबरीत सिमेंट, आणि पावसाळ्याआधी ब्लीचिंग पावडर टाकून शेवाळ खरवडून काढायचं, पावसाळ्यातही अधूनमधून. माणूस आला की आपोआप लागणारा सेलवरचा दिवा मिळतो, तो दारात एक आणि परड्यात एक. लाईट गेली तरी चालतो. तोवर रात्री खोलीतच खुर्चीचं भांडं ठेवा, लाजायचं कारण नाही.

पाईपची उंची गवंड्याला अंदाजानं ठरवू देऊ नका. वहिनींना रोजची सँडल घालून परड्यात सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा, आणि मनगटाची घडी जिथं येते तिथं खडूनं खूण करा. पाईप तिथं.